हद्द कायम

आबा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. साखळी, फलक, नकाशे सगळं सरकारजमा झालं. मोजायची सवय मात्र ते घरी घेऊन आले. सोसायटीत कुठलीही तक्रार निघाली की आबांचा पहिला प्रश्न, "कोणाच्या हद्दीत?" रस्त्याला खड्डा पडला, कोणाच्या हद्दीत? चेंबर तुंबलं, कोणाच्या हद्दीत? एकदा हद्द ठरली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं आणि खड्ड्यातला त्यांचा रस संपतो. खड्डा बुजवणं हे काही मोजणी खात्याचं काम नव्हे.

आबा केंद्राच्या बाजूचे. समोरच्या विंगमधले बापू एसटीतून निवृत्त झालेले, म्हणून राज्याच्या बाजूचे. म्हणजे त्या वेळच्या राज्याच्या. "पेन्शन राज्याची खाता आणि आरती केंद्राची ओवाळता!" असं बापूंनी म्हणायचं, आणि "तुमची पेन्शन तरी कुठली? ईपीएफची. म्हणजे केंद्राचीच!" असं आबांनी ऐकवायचं. यावर बापू म्हणत, "त्या रकमेला पेन्शन म्हणू नका, रकमेला लाज वाटते." असल्या वादांना एरवी पारावर जागा असते. कोरोनाच्या टाळेबंदीत दोघे आपापल्या गॅलरीत उभे राहून बोलू लागले आणि मधल्या पार्किंगच्या वरून जाणारं राज्यशास्त्र सगळ्या सोसायटीला फुकट मिळालं.

विषाणू कोणाच्या हद्दीत, याचा निकाल आबांनी दुधाच्या पिशव्या धुवायला शिकण्याआधीच लावला होता. घटनेची सातवी अनुसूची त्यांनी छापून घेतली, तीत लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं, दवाखाने: राज्यसूची, नोंद ६. म्हणजे रोग राज्याचा. बापूंनी हरकत घेतली, की बाहेरून आलेला रोग अडवणं, बंदरावरचं विलगीकरण, हे केंद्रसूचीत आहे, नोंद २८. आबा हसले. "बंदर म्हणजे बोट. हा विमानाने आलाय." दुसऱ्या दिवशी बापू नातवाकडून वाचून घेऊन आले: विमानं आणि विमानतळ, केंद्रसूची, नोंद २९. आबांनी लगेच समवर्ती सूचीतली नोंद २९ काढली: एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू न देणं, जबाबदारी दोघांची. एका एकोणतिसावर आबा, दुसऱ्या एकोणतिसावर बापू, असे दोघे जेवणवेळ टळेपर्यंत उभे होते. खाली वॉचमन सॅनिटायझरची बाटली घेऊन विचारत होता, ही संपली, नवीन कोण आणणार?

कायद्याचंही तसंच. राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लावला, केंद्राने २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. पहिला इंग्रजांनी प्लेगसाठी घाईघाईने केलेला, जेमतेम चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमावरून चापेकरांनी रँड या अधिकाऱ्याला गोळी घातली आणि 'केसरी'तल्या लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. सरकारने साथ कशी हाताळली यावर महाराष्ट्रात चाललेलं भांडण असं सव्वाशे वर्षांचं आहे. आबांना त्या काळाचा हेवा वाटतो. "सोय होती हो. दोष द्यायला सरकार एकच होतं."

२४ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. आबांच्या नकाशात टाळेबंदी केंद्राची, आणि तिच्यामुळे जे काही टळलं तेही केंद्राचं. मग गावाकडे चालत निघालेले मजूर? "ते राज्याचे. राज्यातल्या रस्त्यांवरून चालताहेत." बापू ओरडले, "राष्ट्रीय महामार्गावरून चालताहेत!" आबा क्षणभर गप्प झाले. महामार्गाची हद्द त्यांच्या नजरेतून सुटली होती. मजूर घरी पोचले का, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवर बोलायला आले की बापू आवाज मोठा करत, तो आबांपर्यंत जावा म्हणून. पंतप्रधान बोलले की आबा खिडकी उघडत. सप्टेंबरात राज्याची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, त्या दिवशी आबांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. "घ्या! सरकारने हद्दच सोडली. आता तुमचं तुम्ही बघा!" बापू तयारच होते. "तुम्ही तर मे महिन्यातच आत्मनिर्भर झालात."

आबा खोटं बोलत नाहीत, हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. त्यांचे आकडे बरोबर असतात, तारखा बरोबर असतात, शासन निर्णयाचा क्रमांकसुद्धा बरोबर असतो. फक्त हद्दीचा दगड नेमका त्यांच्या आवडत्या सरकारच्या पायाच्या वीतभर अलीकडे येतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचं बघा. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्यावर खर्च करावा, हे त्यातलं वाक्य आबांना पाठ आहे. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यावा, हे त्याच धोरणातलं दुसरं वाक्य बापूंना पाठ आहे. अडीच टक्क्यांत केंद्र आणि राज्यं दोघांचा वाटा धरलेला आहे, पण तेवढं वाचायला दोघांनाही सवड नव्हती. धोरण एक, अर्धं ए विंगमध्ये आणि अर्धं बी विंगमध्ये.

२०२१ चा एप्रिल आला तेव्हा गॅलऱ्यांमधला आवाज खाली उतरला. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला गेली. "रेल्वे कोणाची?" आबांनी विचारलं. "टँकर कोणाचे?" बापूंनी विचारलं. पण त्या वादात जोर नव्हता, कारण बापूंना मधूनच खोकला येत होता. दोन दिवसांनी ऑक्सिमीटरवर ८८ दिसले.

पुढचे बारा तास आबांचं वेगळंच रूप सोसायटीने पाहिलं. एका वहीत रकाने आखून त्यांनी फोन लावले. वॉर रूमला लावला, आमदाराला लावला, ज्या नगरसेवकाला ते वर्षभर 'बिनकामाचा' म्हणत होते त्यालाही लावला, आणि खाट मिळाली ती त्या नगरसेवकाच्या फोनवर. खाट कोणाच्या हद्दीत आहे, हे त्या रात्री आबांनी विचारलं नाही. "खाट आहे ना? ऑक्सिजन आहे ना? पाठवतो."

बापू बरे झाले आणि बिल आलं. तिथे आबांचा आयुष्यभराचा हात कामी आला. मे २०२०च्या राज्याच्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटर लागला तर ९,०००. तिची प्रत आबांकडे होती; सरकार कुठे कमी पडतंय ते शोधायला त्यांनी ती जपली होती. बिलिंग काउंटरवर त्यांनी ती पसरली, बिलावर स्टीलची फूटपट्टी ठेवली आणि ओळीमागून ओळ खाली सरकवत गेले. पीपीई किटच्या ओळीवर पट्टी थांबली. "एका दिवसात एवढे किट? रुग्णाला तपासत होतात की गणवेश बदलायची स्पर्धा होती?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सिस्टीमच तशी आहे, काका. आबांनी निळ्या पेन्सिलीने खूण केली. "मग निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी करू. तुमच्या साहेबांना बोलवा." साहेब आले. सगळं नाही, पण बरंच उतरलं.

गाडीत बसताना बापू म्हणाले, "शेवटी आमच्याच सरकारचा आदेश कामाला आला." आबांनी सीटबेल्ट लावला. "आदेश सचिवांनी काढलाय. आयएएस. म्हणजे केंद्राचा माणूस."

लसीने आबांची खरी परीक्षा पाहिली, कारण हद्दच हलत राहिली. आधी लस केंद्र देत होतं. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांची लस राज्यांनी विकत आणायची ठरली. कोविशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना आधी ४०० आणि मग ३००, खासगी रुग्णालयांना ६००. २१ जूनपासून ती पुन्हा केंद्राकडे आली. आबांनी तिन्ही नकाशांवर सही केली. पहिल्या वेळी ते केंद्राचं नेतृत्व होतं, दुसऱ्या वेळी राज्यांचा मान, तिसऱ्या वेळी केंद्राचं मोठं मन. बापूंनाही दर वेळी तितकीच पक्की उलटी कारणं सापडली. दोघांनीही पहिली मात्रा एप्रिलच्या आधी, एकाच रांगेत, शेजारच्या खुर्च्यांवर बसून घेतली होती.

३० जून २०२२ ला राज्यातलं सरकार बदललं आणि आबांची पंचाईत झाली. बांधाच्या अलीकडेही आपले, पलीकडेही आपले. दगड ठेवायचा कुठे? पालिकेवर ठेवावा तर नगरसेवकांची मुदत संपून तिथे राज्याने नेमलेला प्रशासक बसला होता. शेवटी आबांना चौथा लगतधारक सापडला: जनता. "लोकांनाच शिस्त नाही हो." तिकडे बापूंचा उत्कर्ष झाला. जी नोंद ६ त्यांनी दोन वर्षं कानाआड केली होती, ती आता त्यांच्या ओठांवर आली. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली तेव्हा बापू म्हणाले, "आरोग्य राज्याचा विषय आहे, आबा! घटनेतच लिहिलंय." आणि आबा म्हणाले, "एवढ्या जुन्या दुखण्याला एकट्या सरकारला कसं जबाबदार धरणार? पैसा वरून यायला नको का?" दोघांनी फक्त कागदांची अदलाबदल केली होती. खुणा केलेली अनुसूची आता बापूंच्या घरी असते.

सोसायटीच्या मागे एक सरकारी दवाखाना आहे. गाव शहरात आलं तेव्हा तो एका कचेरीकडून दुसऱ्या कचेरीकडे गेला, किंवा जायचा राहिला. पाटीवरचं जुनं नाव खोडलंय, नवीन लिहिलेलं नाही. डॉक्टर मंगळवारी येतात असं म्हणतात. कुठल्या मंगळवारी ते कोणी सांगत नाही. दोन्ही लाटांत तो बंद होता आणि दोन्ही लाटांच्या वादात त्याचं नावही निघालं नाही, कारण तो कोणाच्याच बाजूचा मुद्दा नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तिथून तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत आलेल्या सोसायटीतल्या एक काकू आबांना म्हणाल्या, "एवढ्या हद्दी मोजता, ही मोजा की."

"मोजणीला अर्ज लागतो," आबा म्हणाले. बापू म्हणाले, करू की. पार्किंगमध्ये टेबल आलं, कागद आला. 'प्रति' लिहून झालं आणि लेखणी थांबली. आबांचं म्हणणं आयुक्त, बापूंचं म्हणणं जिल्हा परिषद. मग आरोग्य उपसंचालक निघाले, मग दिल्लीचं शहरी आरोग्य अभियान निघालं. मूळ प्रत कोणाला आणि माहितीसाठी कोणाला, यावर चहा दोनदा झाला. काकूंनी शेवटी कागद ओढून घेतला आणि लिहिलं, 'प्रति, ज्याच्या हद्दीत असेल त्यास'. खाली सही केली, पाकिटात घातलं.

आबा आणि बापू एकदम उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं: असला अर्ज कुठल्याच सरकारात घेत नाहीत.