कार्डराव

माणसाची ओळख त्याच्या कामातून होते असं म्हणणारे लोक कार्डरावांना भेटलेले नसतात. कार्डरावांचं आधी कार्ड भेटतं, मग ते स्वतः. त्यांचं काम काय, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रोडवर, सीतापुरा नावाची औद्योगिक वसाहत आहे. कपड्यांचे निर्यातदार, रत्न-दागिन्यांचं सेझ आणि जेईसीसी हे भलंमोठं प्रदर्शन केंद्र तिथेच. डिसेंबरात तिथे ज्वेलरी शो भरतो. आपल्याकडचे सराफ खडे बघायला जातात आणि त्यांच्यामागून, कुणी न बोलावता, कार्डराव.

कार्ड नेहमीच्याच मापाचं, साडेतीन इंच बाय दोन इंच. मजकूर मात्र लग्नपत्रिकेचा. वर गणपती. खाली सोनेरी वेलबुट्टीत नाव, नावापुढे बी.कॉम. मग प्रोप्रायटर, कन्सल्टंट, माजी खजिनदार (गणेशोत्सव मंडळ). मागच्या बाजूला 'आमच्याकडे' या मथळ्याखाली खडे, मोती, वास्तुसल्ला, विमा, फ्लॅटची खरेदी-विक्री आणि घरगुती मसाले. मोबाइल नंबर तीन. त्यातला एक बॉलपेनने खोडलेला. क्यूआर कोड स्कॅन केला, तर मुलाच्या लग्नाचे फोटो उघडतात.

वाटपात भेदभाव नाही. गेटवरचा सिक्युरिटीवाला, चहावाला, स्वतःचंच कार्ड वाटत फिरणारा दुसरा कार्डराव, सगळ्यांना एकेक. जपानी लोक दोन्ही हातांनी कार्ड देतात हे कुठेतरी पाहिल्यापासून हेही तसंच देतात. डाव्या हातात प्याज कचोरी असते, त्यामुळे कार्डावर तेलाची मोहोरही उमटते.

पन्न्याच्या एका व्यापाऱ्याने ते कार्ड दोन्ही बाजूंनी शांतपणे वाचलं आणि अदबीने विचारलं, "भाईसाहब, इसमें से आप करते क्या हैं?"

"जी, सब!" कार्डराव म्हणाले.

व्यापारी हसला. रीत म्हणून त्याने कार्डरावांची मागणी कार्डाच्याच पाठीवर टिपायला पेन काढलं, पण जागा नव्हती. कडेला सापडली, तर चकचकीत लॅमिनेशनवर शाई उमटेना. त्याच्या समोर पांढऱ्या कागदाच्या पुड्या होत्या. प्रत्येकीवर खड्याचं नाव, नग आणि कॅरेटमधलं वजन. लाखाचा माल, ओळ एकच.

सांगानेर तिथून जवळच. तिथले कागजी कारागीर कापडाच्या चिंध्यांपासून सुरेख हातकागद करतात. "त्यावर छापा," मी सुचवलं, "नाव, एक काम, एक नंबर. बाकी कोरं." कार्डराव हरखले. पुढच्या भेटीत हातकागदाचं कार्ड आलं, घडीचं. आता मजकुराला चार पानं होती.

"अहो, कोरं ठेवायचं होतं ना?"

"पैसे पूर्ण कार्डाचे दिलेत," कार्डराव म्हणाले. "रिकामं कशाला सोडायचं?"

तर वाचकहो, कार्ड छापणार असाल तर नाव आणि चालू नंबर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात टाका. काम एकच लिहा, ज्यासाठी लोकांनी तुम्हाला फोन करावा असं वाटतं ते. कागद बिनचकाकीचा घ्या आणि मागची बाजू कोरी सोडा. ती समोरच्याने तुमच्याबद्दल काही टिपून ठेवायची जागा आहे. आणि 'सब' करत असाल, तर कार्डाचा खर्च वाचवा.