जबाबदार राहणार नाही

प्रति,
मा. पालक हमीपत्र,
सात दिवसीय विशेष शिबिर (कोणतेही),
मौजे आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा.

विषय : अल्पवयीन शिबिरार्थींच्या सुरक्षेचा भार एकहाती वाहत असल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

पालक हमीपत्र म्हणजे विद्यापीठीय युवा शिबिराला निघालेल्या मुलाच्या आईवडिलांकडून सही करून घेतला जाणारा अर्ध्या पानाचा मजकूर. पाल्य स्वखुशीने शिबिरास जात आहे, तेथे काही बरेवाईट घडल्यास महाविद्यालय, कार्यक्रम अधिकारी व विद्यापीठ जबाबदार राहणार नाही, एवढाच त्याचा आशय. उरलेली जागा सही आणि मोबाइल क्रमांकासाठी. शिबिरात इतर सगळ्यांना सकाळी चहा लागतो, रात्री सतरंजी लागते, परतल्यावर प्रवासभत्त्याचे बिल लागते. हमीपत्राला यांतले काहीच लागत नाही. ते महाविद्यालयाच्या कपाटात फाइलबंद राहून दूरच्या गावात झोपलेल्या मुलांचे रक्षण करते. इतका स्वस्त रखवालदार दुसरा नाही, आणि त्याचा सत्कार आजवर एकाही समारोपीय कार्यक्रमात झालेला नाही.

ही शिबिरे भरवणारी राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे रासेयो, 24 सप्टेंबर 1969 रोजी गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने 37 विद्यापीठांत सुरू झाली. साधारण शंभर स्वयंसेवकांचे एक एकक, त्यावर एक कार्यक्रम अधिकारी, आणि निम्म्या स्वयंसेवकांसाठी वर्षातून एकदा दत्तक गावात सात दिवसांचा मुक्काम, असा तिचा ढाचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चारही जिल्ह्यांत हिवाळ्यात अशी शिबिरे भरतात. विद्यापीठाचा कार्यक्रम म्हणजे सज्ञानांचा कार्यक्रम, हा समज कागदोपत्री फार सोयीचा असतो. पण रासेयोची एकके कनिष्ठ महाविद्यालयांतही चालतात आणि अकरावी-बारावीची मुले सोळा-सतरा वर्षांची असतात. पदवीच्या पहिल्या वर्षालाही अठरा पूर्ण न झालेली काही निघतातच. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या, कायद्याच्या लेखी अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक जण बालक असतो, मग त्याला मिसरूड फुटलेले असो की तो गटप्रमुख असो.

आंधळगाव हे कोसा विणणाऱ्या कोष्टी कुटुंबांचे जुने गाव. अशा गावात शिबिर उतरले, असे धरले तर दिनक्रम ठरलेला असतो. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, त्यानंतर घरोघर सर्वेक्षण, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि सांस्कृतिक कार्यक्रम. मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात. या दिनक्रमात अल्पवयीन मुले दोन्ही बाजूंना असतात, हे सहसा लक्षात येत नाही. एका बाजूला शिबिरार्थी. दुसऱ्या बाजूला गावातली मुले : पथनाट्य पाहायला पुढे बसलेली, मागाशेजारी बसून सर्वेक्षणाच्या प्रश्नांना मोठ्यांआधी उत्तरे देणारी, दादा-ताईंच्या मागे दिवसभर फिरणारी. यांच्यासाठी हमीपत्रही नसते. त्यांचे फोटो मात्र अहवालात असतात आणि संध्याकाळपर्यंत तीन-चार व्हॉट्सॲप गटांवर पोहोचलेले असतात.

दिवसाचे धोके निदान दिसतात. भंडारा हा तलावांचा जिल्हा. श्रमदानानंतर घामेजलेल्या पोरांनी मालगुजारी तलावाकडे वळणे स्वाभाविक असते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील 14 विद्यार्थी बुडाले. पाण्याला कागद वाचता येत नाही, हे तेव्हा साऱ्या राज्याला दिसले. त्यानंतर सहलींच्या कागदपत्रांत एक-दोन कागदांची भर पडली.

रात्रीचे धोके हमीपत्राच्या कक्षेत अजिबात येत नाहीत. मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का, शौचालयापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का, मुलींबरोबर प्राध्यापिका मुक्कामी आहेत की ‘संध्याकाळी येऊन जाणार’ आहेत, पाहुणा व्याख्याता रात्री कुठे झोपणार आहे, स्वयंपाकाला आणि मंडपाला आलेली माणसे कोण, कुणा प्रौढाने एकट्या मुलाला दुचाकीवर बसवून ‘सामान आणायला’ न्यायचे का, हे सगळे प्रश्न साधे आहेत. त्यांची उत्तरे शिबिराआधी एका दुपारच्या गावभेटीत मिळतात. मात्र त्या गावभेटीत प्रत्यक्षात उद्घाटनाला कुणाला बोलवायचे आणि जेवणावळीचे काय, यावरच चर्चा होते. जगभर मान्य असलेली खबरदारी अगदी घरगुती आहे : कोणताही प्रौढ आणि एकटे मूल बंद दाराआड राहू नये, आणि प्रत्येक हालचालीत निदान दोन जबाबदार माणसे असावीत. त्यासाठी निधी लागत नाही. पन्नास मुलांमागे एकच कार्यक्रम अधिकारी असेल, तर दुसरा माणूस मात्र लागतो.

आता कायद्याकडे. पोक्सोचे कलम 19 सांगते की गुन्हा झाल्याचे कळले, किंवा होण्याची भीती वाटली, तरी कोणत्याही व्यक्तीने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचे. प्राचार्यांना सांगितले, विभागप्रमुखांच्या कानावर घातले, संस्थेने त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली, यांतले काहीही ‘कळवणे’ ठरत नाही. न कळवणाऱ्याला कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होऊ शकत नाही. शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचाऱ्यांपैकी कुणी आपल्याच संस्थेतील बालकावर अत्याचार केला, तर तो अधिक गंभीर गुन्हा मानला जातो. या कलमांत ‘हमीपत्र असल्यास वगळून’ असे शब्द कुठेही नाहीत. मुलावर पुढे होऊ शकणाऱ्या गुन्ह्याची जबाबदारी आधीच माफ करून टाकण्याचा अधिकार कायद्याने आईवडिलांना दिलेला नाही. कायद्याला बगल देणारा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 नुसार मुळातच रद्दबातल. दीडशे वर्षांपूर्वीची ही बातमी अजून काही कपाटांपर्यंत पोहोचलेली नाही.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे 2019 मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला; सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो पुन्हा जिवंत केला आणि माहीत असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला एका शाळेत चिमुकल्यांवर झालेल्या अत्याचारानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळा चालवणाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला.

विद्यापीठांनी ‘हे शाळांचे प्रश्न’ म्हणून हात झटकू नयेत, यासाठी अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या फुटबॉल संघाचा एक नामवंत माजी सहायक प्रशिक्षक जून 2012 मध्ये मुलांवरील अत्याचाराच्या 45 आरोपांत दोषी ठरला. 2001 मध्येच संघातील दुसऱ्या एका सहायकाने डोळ्यांनी पाहिलेले वरिष्ठांना सांगितले होते. वरिष्ठांनी ते त्यांच्या वरिष्ठांना सांगितले. शिडी नियमाप्रमाणे चढली गेली, फक्त ती पोलीस ठाण्यापर्यंत गेली नाही. पुढे विद्यापीठाचे माजी अध्यक्ष मुलांना धोक्यात टाकल्याबद्दल दोषी ठरले आणि 2021 मध्ये तुरुंगात गेले. त्या प्रकरणानंतर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी आवारात येणाऱ्या अल्पवयीनांसाठी वेगळी धोरणे लिहिली.

आपल्याकडे नियम नाहीत, अशी सबबही चालणार नाही. 2020 च्या पोक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेने कायम, कंत्राटी अशा सर्वच कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे, त्यांना प्रशिक्षण द्यायचे आहे आणि शासनाचे बाल संरक्षण धोरण स्वीकारायचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी ‘आवार’ या शब्दात सहली, शिबिरे आणि तिथपर्यंतचा प्रवासही धरलेला आहे. म्हणजे आंधळगावची शाळा त्या सात दिवसांपुरती महाविद्यालयाचेच आवार असते. तरीही अंतर्गत तक्रार समितीचा फलक महाविद्यालयाच्या जिन्यात आणि शिबिर गावात, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी टिकून आहे. मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी शिबिराच्या बॅनरवर छापायला एक ओळ लागते. मान्यवरांच्या फोटोंमुळे ती ओळ बसत नाही.

सबब, हमीपत्रास विनंती करण्यात येते की त्याने रखवालदारीच्या कामातून स्वेच्छानिवृत्ती घ्यावी व संमतीपत्र म्हणून रुजू व्हावे. मुलाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, रात्री-अपरात्री लागणारा फोन, फोटो काढू द्यायचा की नाही, हे त्याने विचारावे. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मुक्कामी शिक्षक-शिक्षिकांची नावे, झोपण्याच्या जागा, 1098 आणि जवळच्या ठाण्याचा क्रमांक छापून ती बाजू पालकांच्या हाती द्यावी. ‘जबाबदार राहणार नाही’ ही ओळ काढून टाकल्यास जागा पुरेल.

कळावे.

प्रत : आंधळगाव पोलीस ठाणे, कलम 19 मधील ‘स्थानिक पोलीस’ या नात्याने माहितीस्तव.