मोतीच्या दाढेवरील कीटणास खुले पत्र

श्रीयुत कीटणराव,
मुक्काम मोतीची वरची डावी दाढ, पाटण.



जागा मात्र झकास हेरलीत. कुत्र्याच्या तोंडात 42 दात असताना तुम्ही बंगला बांधलात तो वरच्या सगळ्यात मोठ्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला. लाळेची नळी तिथंच उघडते, त्यामुळे क्षार घरपोच. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवस कुणी पुसला नाही की त्याचा दगड करायचा, एवढाच तुमचा धंदा. बाकीचं पाप जंतूंचं. तुम्ही फक्त खडबडीत पाठ त्यांना भाड्याने देता. हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं आणि घरमालक नामानिराळे!

तुमचे वकीलही तयार आहेत. शेजारचे आण्णा म्हणतात, "हाडूक टाका, दात आपोआप साफ हुत्यात." टणक हाडकानं नेमकी तीच दाढ चिरते, हे आण्णांना कोण सांगणार? काकूंचं म्हणणं, "भाकरी खातोय की, मग दुखतंय कुठं?" कुत्रं दुखणं सोसूनही खातं, काकू. आणि कुत्र्यांचे केस कापणारे ते गृहस्थ, जे भूल न देता जागेपणीच दात खरवडून पांढरे करून देतो म्हणतात, त्यांचा तर तुम्ही सत्कारच करा. दिसतं तेवढं उडतं, हिरडीखालचं तुमचं तळघर शाबूत राहतं आणि मालक खूश होऊन वर्षभर तोंडात डोकावत नाही.

डॉक्टरांनी मात्र दातांचा रंग पाहून निकाल दिला नाही. हिरडी घट्ट नि गुलाबी असती, तर रोजचा ब्रश (कुत्र्यांच्या पेस्टचा, आपल्या नव्हे) आणि थोडी वाट पाहणं चाललं असतं. इथं हिरडी लालभडक, बोट लागताच रक्त, आणि मोती एकाच बाजूनं चावतो. दात आणि हिरडीमधली फट 3 मिलिमीटरच्या पुढं गेली आहे का, मुळाशी हाड किती उरलंय, हे सळई घालून आणि एक्स-रे काढूनच कळतं. जागा कुत्रा ते करू देत नाही. म्हणजे भूल नुसत्या सफाईसाठी नाही, तुमची खरी झडती घ्यायलाही लागते.

"दहा वर्षांचा आहे, भूल झेपायची नाही," हा तुमचा हुकमी एक्का. धोका शून्य नसतो, मान्य. पण वय म्हणजे आजार नव्हे. हृदय तपासायचं, रक्तातून मूत्रपिंड आणि यकृत पाहायचं, मग ठरवायचं. शिवाय भुलीत श्वासनळीत नळी असते, त्यामुळे सफाईच्या यंत्राचं पाणी आणि तुमचा चुरा फुप्फुसात उतरत नाही. जागेपणी खरवडताना ही सोय कुठली?

तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते, म्हणून भूल देऊन सफाई करण्याबद्दल कराडला विचारलंय. नाहीच जमलं तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करू. रक्ताचा अहवाल ठीक आला की तारीख कळवतो. आदल्या रात्री मोतीचं जेवण डॉक्टर सांगतील त्या वेळेला बंद होईल. तुमच्या भाडेकरूंनाही तेवढा निरोप द्या.

आपला,
मोतीचा मालक