पोरांपेक्षा मोठं गुपित

मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, की ४८ तासांत पोलिसांना किंवा सरकारी बालकल्याण खात्याला कळवायचं, हे बंधन अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने मे २०२५ मध्ये धर्मगुरूंवरही घातलं. चर्चमधल्या पापकबुलीलाही, म्हणजे कन्फेशनलाही, त्यात सूट नव्हती. सही करणारे गव्हर्नर बॉब फर्ग्युसन स्वतः कॅथलिक. तिथले बिशप कोर्टात गेले, केंद्राचं न्याय खातं त्यांच्या बाजूने उतरलं, जुलैत न्यायाधीशांनी पापकबुलीपुरता कायदा रोखला आणि ऑक्टोबरात राज्याने माघार घेतली. बाकी कुठेही ऐकलं तर फादरने कळवायचं. कन्फेशनमध्ये ऐकलं तर गप्प बसायला मोकळीक.

ही माघार मला मान्य नाही.

कन्फेशनचं मोल मी कमी लेखत नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून चर्चने हे मौन पाळलंय. ते मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. चोरी, व्यभिचार, मनातला द्वेष कुणापाशी तरी निर्धास्त ओकता यावा, ही माणसाची खरी गरज आहे. पण ते पाप घडून गेलेलं असतं. पोरांना नासवणाऱ्याचं पाप पुढच्या रविवारीही चालूच असतं.

सूट काढली तर गुन्हेगार बोलायलाच येणार नाही, असं बिशप सांगतात. मग ऑस्ट्रेलियात बघा. क्वीन्सलंडमधल्या एका दोषी पाद्र्याने २००४ मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, की २५ वर्षांत त्याने सुमारे ३० धर्मगुरूंपुढे हेच पाप जवळपास १५०० वेळा कबूल केलं. तो येत होता, बोलत होता आणि परत जाऊन तेच करत होता. त्या मौनाने एक तरी मूल वाचलं का?

मुलांवरच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या तिथल्या रॉयल कमिशनने पाच वर्षं साक्षी ऐकून २०१७ मध्ये शिफारस केली, की पापकबुलीला सूट नको. व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये तसा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. मेलबर्नचे आर्चबिशप म्हणाले, तुरुंगात जाईन पण गुपित फोडणार नाही. गुन्हेगार पोलिसांत हजर झाल्याशिवाय त्याला पापक्षमा देऊ नका, एवढी अट तरी घाला, असं लोक म्हणत होते. व्हॅटिकनने तीही नाकारली.

आणि कन्फेशनच्या पडद्यापलीकडे दर वेळी गुन्हेगारच नसतो. कॅथलिक मूल सातव्या-आठव्या वर्षापासून कन्फेशनला जाऊ लागतं. मोठ्या माणसाने केलेलं घाण कृत्य ते स्वतःचं पाप समजतं आणि घाबरत घाबरत फादरला सांगतं. त्याच्या आयुष्यात कदाचित तेवढं एकदाच. ऐकणाऱ्याने त्याला ‘आईला सांग’ म्हणायचं आणि स्वतः गप्प बसायचं? आई ऐकणार नसेल तर? अत्याचार करणारा घरातलाच असेल तर?

वॉशिंग्टनने एक चूक केली हेही खरं. वकिलांसारख्यांची सूट ठेवून धर्मगुरूंची काढली आणि न्यायाधीशांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं.

आपल्याकडे ही भानगड नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ येते. फादर, बाबा, मौलवी, भन्ते, सगळे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. साक्षीपुराव्याच्या कायद्यात वकील-अशिलाच्या बोलण्याला संरक्षण आहे, पापकबुलीला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण आठवा. माहीत असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. रुग्णाचं गुपित जपणं डॉक्टरचाही धर्मच असतो. मुलाच्या जिवापुढे तो थांबतो, तर कन्फेशनच्या खोलीने का थांबू नये?

वसई, मुंबई, गोव्याच्या बिशपांनी याचं उत्तर आपापल्या चर्चमध्ये जाहीर द्यावं. प्रत्येक कन्फेशन-खोलीबाहेर मराठी-कोकणीत पाटी लावा : मुलावरच्या अत्याचाराची गोष्ट इथे गुपित राहणार नाही. खाली चाइल्डलाइनचा नंबर लिहा, १०९८.