दुसरीचा उजेड

प्रयोगशाळेत जिला नुसतं ‘सेकंडरी’ म्हणतात ती अँटीबॉडी कागदोपत्री दुय्यम आहे. हे नाव देणाऱ्याने जुनी वरात पाहिलेली नसावी. डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्याला नवरदेवाचं गाव-गोत्र काही ठाऊक नसे. पण तो घरी बसला असता तर घोड्यावर कोण आहे हे सासऱ्यालाही चाचपून पाहावं लागलं असतं. पेशीतलं नेमकं प्रथिन हुडकून त्याला चिकटण्याची विद्वत्ता प्रायमरीची, आणि ती बऱ्याचदा सशाकडून आलेली. सशाची अँटीबॉडी शेळीला टोचली की शेळीचं शरीर तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. शेळीच्या या अँटीबॉडीला चमकणारं रंगद्रव्य जोडलं की झाली सेकंडरी. बाटलीवर लिहिलेलं असतं, ‘गोट अँटी-रॅबिट’. शेळी-सशाचं हे हाडवैर पंचतंत्राच्याही नजरेतून सुटलेलं दिसतं.

शहाणे विचारतात, मध्ये ही दलाली कशाला? प्रायमरीलाच दिवा बांधा. अल्बर्ट कून्स यांनी 1940 च्या दशकाच्या आरंभी न्यूमोकॉकस जिवाणू तसेच उजळवले होते, आणि पेशी एकेक करून तपासणारे फ्लो सायटोमेट्रीवाले आजही बहुधा तेच करतात. कबूल. पण याच कून्स यांनी 1954 मध्ये थॉमस वेलर यांच्यासोबत कांजिण्या-नागिणीच्या विषाणूंसाठी दोन टप्प्यांची वाट धरली. प्रत्येक रोग्याच्या रक्ताला वेगळा दिवा बांधण्यापेक्षा ‘ही अँटीबॉडी माणसाची’ एवढंच ओळखणारा एक दिवा सगळ्यांना पुरतो. शिवाय एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात, म्हणजे एका नवरदेवामागे चार-पाच बत्त्या.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे: हिला अक्कल नाही. प्रायमरी चुकीच्या दारात उभी राहिली तरी ही तिथेच झगझगाट करते. खरं आहे, पण वरात चुकीच्या मांडवात शिरली म्हणून बत्तीवाल्याला कुणी बोल लावत नाही. तिचे स्वतःचे गुन्हेही आहेत, नाही असं नाही. कधीकधी ती उगाच कुठेही चिकटते. म्हणून आधी शेळीचंच सीरम ओतून रिकाम्या जागा अडवतात, आणि एका काचपट्टीवर प्रायमरी न घालता हिला एकटीलाच सोडून बघतात. तिथेही उजेड पडला, तर आधी टिपलेल्या देखण्या हिरव्या छायाचित्रांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. खरी पंचाईत एकाच वेळी दोन प्रथिनं शोधताना दोन्ही प्रायमरी उंदराच्या निघाल्या की होते. उंदरांना ओळखणारी सेकंडरी दोघींवरही सारख्याच मायेने बसते, मग त्यातली कोणती कुठली हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी जाणती माणसं वाद घालत नाहीत. मुकाट्याने एकीसाठी सशाचं स्थळ बघतात.