स्टेज-टूची सेडान

कोपरखैरण्यापासून खारघरपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा, पार्किंगच्या एका कोपऱ्यात मापाने शिवलेलं, चंदेरी कव्हर घातलेली एक गाडी उभी असते. बाकीच्या गाड्यांवर कबुतरांनी आपला कार्यभाग उरकलेला असतो. हिच्यावर डाग दिसणार नाही. कव्हरखाली स्पोर्ट्स कार आहे असं तिचा मालक सांगतो. आरसी बुकात ती पोलो असते.

आमच्या सोसायटीतला हा मालक म्हणजे स्टेज-टू. आईवडिलांनी ठेवलेलं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर तेवढं उरलंय. वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात, गाव पाटण तालुक्यात. वडील, म्हणजे आप्पा, वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी होते. उभ्या जन्मात त्यांनी पाठीवर किती टन कांदा-बटाटा वाहिला याचा हिशेब नाही. आणि हा त्यांचा मुलगा गाडीचं वजन कमी व्हावं म्हणून स्टेपनी काढून घरात पलंगाखाली ठेवतो. आप्पा पलंगाखाली वाकून ती बघतात, काही बोलत नाहीत आणि चपला घालून बाहेर पडतात.

या आजाराचं मूळ २००४ सालात आहे. त्या वर्षी ‘टारझन: द वंडर कार’ आला. त्यातली जांभळी गाडी दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीने घडवलेली, आणि सातवी-आठवीतल्या मुलांच्या एका अख्ख्या पिढीच्या वह्यांची शेवटची पानं त्या गाडीच्या चित्रांनी भरली. सिनेमा फारसा चालला नाही, वह्या चालल्या. तसं बघायला गेलं तर आपल्या शेजारी गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन सीटांची, फायबरग्लास बॉडीची स्पोर्ट्स कार खरोखर बनवली होती. पण स्टेज-टूच्या हातात पगार खेळायला लागला तोवर ती कंपनी थंडावली होती. मग त्याने २०१३ साली बाजारात आलेल्या पोलो जीटी टीएसआयवर समाधान मानलं. समाधान मानलं असं म्हणायचं. ते त्या गाडीने पहिल्या सहा महिन्यांतच गमावलं.

कंपनीने या गाडीला १.२ लिटरचं टर्बो इंजिन आणि १०५ पीएस ताकद दिली होती. स्टेज-टूच्या मते कंपनीने हात आखडता घेतला होता. स्टेज वन म्हणजे लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कंप्यूटरचं सॉफ्टवेअर बदलायचं. स्टेज टू म्हणजे धुराची वाट मोकळी करायची: कॅट-कॉनसकट कंपनीचा डाउनपाइप उतरवायचा आणि त्या जागी सरळसोट नळी बसवायची. तुर्भे एमआयडीसीतल्या एका गॅरेजात हे संस्कार पार पडले. त्यानंतर लोअरिंग स्प्रिंग आल्या, सतरा इंची अलॉय आले, बकेट सीट आली. गाडी १५० पीएसपर्यंत गेल्याचा डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद त्याने लॅमिनेट करून घेतला. लग्नाचं सर्टिफिकेट अजून साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, हे त्याच्या बायकोने मला एकदा जिन्यात सांगितलं.

ही माणसं कायदा जाणत नाहीत असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्टेज-टूला तोंडपाठ होतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद अशी तरतूद आली. मी त्याला बोटं मोजायला लावली. एक हात संपला तसा तो म्हणाला, “काका, सॉफ्टवेअर बाहेरून दिसत नाही. ते धरू नका.”

दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. रात्री साडेअकराला पाम बीच रोडवरून तो निघाला की पाय उचलल्यावर एक्झॉस्टमधून फटाक्यांची लड फुटायची. याला त्यांच्यात ‘पॉप्स अँड बँग्स’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. हिवाळ्यात नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत फ्लेमिंगो मुक्कामाला असतात. कच्छहून इथवर आलेल्या त्या पक्ष्यांना नवी मुंबईबद्दल काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की तो नम्रपणे उभा राहून सांगायचा, “आवाज कोल्ड स्टार्टचा आहे. दोन मिनिटांत बसतो.” दोन मिनिटांत बसायचा हे खरं. तोवर दुसऱ्या मजल्यावरचं बाळ उठून बसलेलं असायचं.

त्याला बदलायला ना कोर्ट पुरलं ना कमिटी. तिथे आजीच लागली.

आजीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि तिला घरी आणायला स्टेज-टू हौसेने स्वतः गेला. बकेट सीट जमिनीपासून वीतभर उंच, दोन्ही कडांना मांड्या आवळणाऱ्या उशा. आजी नऊवारी सावरत पाठमोरी झाली, वॉर्डबॉयने खांदे धरले, आणि अर्ध्या वाटेवर जे काही धरलं होतं ते सुटलं. आजी आत पडली. मग शांतपणे इकडेतिकडे बघून म्हणाली, “आरं बाळा, ही गाडी हाय का पाट? आता ताट तरी वाढ म्होरं.” घरी उतरवताना वॉचमन, मी, आप्पा आणि एक स्विगीवाला असे चौघे लागलो. स्विगीवाल्याची ऑर्डर थंड झाली, पण पोरगं आजीचा हात सोडून गेलं नाही.

त्याच वर्षी पेणहून गणपती आणायचा होता. पेणची मूर्ती आणि मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही गोष्टी जगप्रसिद्ध आहेत. त्या महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली, आणि पुढचं ज्याने त्याने आपल्या कमरेला विचारावं. आप्पा पुढच्या सीटवर, मांडीवर बाप्पा, बाप्पाच्या मुकुटापासून गाडीच्या छतापर्यंत चार बोटं जागा. लोअरिंग स्प्रिंगमुळे दर खड्ड्याला ती चार बोटं दोन व्हायची. पेणहून निघाल्यापासून आप्पा एकच वाक्य म्हणत होते, “हळू घे.” १०५ची १५० केलेली ती गाडी ताशी वीसने चालली होती. एक मिनीडोर शेजारून पुढे गेली. तिच्या मागच्या फळीवर बसलेल्या बाईने बाप्पाला हात जोडले आणि मग स्टेज-टूकडे बघून त्यालाही जोडले.

त्या रात्री त्याने निर्णय घेतला. निर्णय घेतला म्हणजे बायकोने घेतलेला निर्णय तिला आपला म्हणून सांगितला. “आता जबाबदारी आहे. प्रॅक्टिकल गाडी हवी. सेडान.” घरात आनंदीआनंद. आईने शेजारी पेढे वाटले. पोरगं सुधारलं या बातमीवर तिचा विश्वास बसला, कारण कोणती सेडान हे तिने विचारलं नाही.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यायची तर ती आधी स्टॉक करावी लागते. यांच्या जगात ‘स्टॉक’ म्हणजे कंपनीतून निघाली तशी, आणि हा शब्द एरवी ते अपमान म्हणून वापरतात. स्प्रिंग होत्या, सीट होती, स्टेपनी पलंगाखालून निघाली. राहिला डाउनपाइप. तो चार वर्षांपूर्वी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, गणपतीच्या मखराशेजारी. स्टेज-टू शिडी लावून वर चढला. मखर होतं. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या होत्या. गोणपाट नव्हतं.

“आई, वरची नळी कुठंय?”

“कुठली? ती गंजकी? दिवाळीच्या साफसफाईत दिली भंगारवाल्याला.”

“दिली?”

“मग काय पुजायची? आधी तोही घेत नव्हता. लोखंडाला भाव नाही म्हणाला. मग तो नळीचा फुगीर भाग बघितला, आत वाकून टॉर्च मारला, आणि गपकन तयार झाला. वर शंभर रुपये जास्त दिले स्वतःहून. भला माणूस.”

स्टेज-टू शिडीवरच बसला. तो फुगीर भाग म्हणजे कॅट-कॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुरातला विषारी वायू निवळावा म्हणून त्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर दिलेला असतो; जगभर चोर गाडीखाली शिरून हाच भाग कापून नेतात. कोपरखैरण्यात तो तिसऱ्या मजल्यावरून, घरच्या बाईच्या हातून, चहा पिऊन नेला गेला. आईला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, “मग एवढं सोनं होतं तर तू गाडीतून काढलंस कशाला?” या प्रश्नाला स्टेज वन, टू किंवा थ्री यांपैकी कशातही उत्तर नाही.

शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन रविवार हिंडून त्याने एक जुना डाउनपाइप मिळवला. तो त्याचाच असावा असं आई अजूनही म्हणते.

शोरूममधल्या मूल्यमापनाचं फार सांगण्यासारखं नाही. तिथला मुलगा टॅबवर बोट फिरवत होता. अलॉयचे किती? शून्य. फिल्टर? शून्य. लॅमिनेट केलेला कागद स्टेज-टूने खिशातून काढला आणि परत ठेवला. बोलला असता तर किंमत आणखी उतरली असती.

खरी मजा नव्या गाडीपाशी आली. व्हर्टस जीटी, २०२२ साली आलेली, आणि हीसुद्धा पोलोसारखी चाकणच्याच कारखान्यात बनलेली. बघायला अख्खं कुटुंब. सेल्समनने डिकी उघडून सांगितलं, “पाचशे एकवीस लिटर.” आजीने विचारलं, “पाणी कशापायी भरायचं गाडीत?” आईने आत वाकून अंदाज घेतला आणि इंद्रायणी तांदळाची दोन पोती, शेंगांचं एक आणि वर एक फणस असं माप जाहीर केलं. आप्पांनी दारातून बसून-उठून पाहिलं आणि मान डोलावली. सेल्समनने मग इंजिनाचं वैशिष्ट्य सांगितलं: पायाला जोर नसला की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, पेट्रोल वाचतं. आप्पा म्हणाले, “म्हंजे निम्मं इंजिन बंद. मग पैसं बी निम्मंच घ्या की.” मार्केटातला माणूस आहे; भाव न करता वस्तू उचलली तर हमालीचा अपमान होतो.

या सगळ्या गलबल्यात ताकदीचा आकडा कोणी विचारला नाही. तो १५० पीएस आहे. दीड लिटरचं टर्बो इंजिन, सात गिअरचं डीएसजी. जो आकडा गाठायला या गड्याने काही वर्षं, बराचसा पगार, एक कॅट-कॉन आणि सोसायटीतली सगळी पत घालवली, तो कंपनी वॉरंटीसकट, आईच्या आशीर्वादासकट आणि डिकीसकट देत होती. तो मागे उभा राहून गंभीर चेहऱ्याने म्हणत होता, “सेफ्टी महत्त्वाची. आणि आजीला चढायला सोपी.” इतका हिशेबी चेहरा मी मार्केटातल्या आडत्याचाही पाहिलेला नाही.

म्हणून म्हणतो, नवी मुंबईत प्रॅक्टिकल सेडान घेणारा पस्तिशीचा पुरुष दिसला की तो संसारी झाला असं समजू नका. त्याचा वेग होता तेवढाच आहे. त्याला फक्त घरच्यांची सही मिळालीय. ते दोन सिलिंडर बंद होण्याची वेळ स्टेज-टूच्या पायाखाली आजवर आलेली नाही, हे मी शेजारच्या सीटवर बसून अटल सेतूवर पाहिलं आहे. तिथे मर्यादा ताशी १००ची आहे. तो ९९वर होता, पण तिथवर किती वेळात पोचला हे विचारू नका.

आजी आता दर गुरुवारी पुढच्या सीटवर बसून नेरूळच्या देवळात जाते. पॉप्स नाहीत, बँग्स नाहीत, दुसऱ्या मजल्यावरचं बाळ शाळेत जायला लागलंय. स्टेज-टू मला परवा लिफ्टमध्ये भेटला. “काका, ही एकदम स्टॉक ठेवणार. शब्द आहे,” म्हणाला. तिसरा मजला आला, दार उघडलं, तसा आवाज खाली आणून पुढे म्हणाला, “फक्त स्प्रिंग. अर्धा इंच. आजीला कळणार पण नाही.”

राहता राहिली ती पोलो. ती नव्या मालकाच्या शोधात फिरतेय. जाहिरातीत ‘सिंगल ओनर, फॅमिली यूज्ड’ असं लिहिलेलं असेल, आणि ते खोटंही नाही. अशी गाडी घ्यायला जाल तर रंग आणि सीट कव्हर बघत बसू नका. गाडी लिफ्टवर चढवायला सांगा, खालून डाउनपाइप आणि स्प्रिंगांवर कंपनीचे नंबर आहेत का ते पाहा, आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून कंप्यूटर स्कॅन करून घ्या. ई-चलान निघतं ते नंबरप्लेटवर, आणि मेसेज येतो आताच्या मालकाला.