घसारा

गाडी घरी आली त्या दिवशी बायकोने तिला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, शेजारीपाजारी पेढे वाटले. त्यानंतर गाडी बहुतेक वेळ जिन्याखालीच उभी. निवृत्त मास्तर जाणार तरी कुठे? शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, भाड्याने द्या ना! चार पैसे सुटतील."

पैसे सुटण्याआधी कराचं विचारून घ्यावं म्हणून सीएकडे गेलो. सीए माझाच विद्यार्थी. नववीत गणिताची वही अपुरी म्हणून मी त्याला कितीदा तरी वर्गाबाहेर उभं केलेलं.

"सर, घर भाड्याने दिलं असतंत तर सोपं होतं," तो म्हणाला. घरभाड्यातून घरपट्टी वजा केली की उरलेल्यावर 30 टक्के सूट सरसकट. भिंतींना रंग काढला की नाही, कुणी विचारत नाही. गाडीच्या नशिबी ते नाही. कायद्याच्या लेखी ती यंत्रसामग्री. धंदा न मांडता अधूनमधून दिली तर तिचं भाडं 'इतर उत्पन्ना'त जातं. म्हणजे बँकेचं व्याज, लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीच्या पंगतीत. इंजिनाची ताकद घोड्यांतच मोजतात, तेव्हा मी तक्रार केली नाही.

"मग वजा काय होतं रे?"

"दुरुस्ती, विमा, घसारा."

घसारा! काय शब्द आहे! कानावर पडताच काहीतरी हळूहळू उतारावरून खाली चाललेलं दिसतं. गाडी दरवर्षी 15 टक्के झिजते असं सरकार धरून चालतं. भाड्याचा धंदाच मांडला तर 30. सहा लाखांच्या गाडीवर 15 टक्क्यांनी पहिल्या वर्षी 90 हजार, पुढच्या वर्षी उरलेल्या 5 लाख 10 हजारांवर 76,500. टक्के नेहमी उरलेल्यावर, त्यामुळे कागदावर गाडी कधी पुरती संपतच नाही. माझ्या गुडघ्यांचा घसारा याहून वेगात चालू आहे, पण त्याची वजावट नाही.

"मात्र घरच्या वापराचा वाटा यातून वगळावा लागेल. वही घाला, सर. तारीख, किलोमीटर, कारण. रोजच्या रोज."

त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण मला ते दिसलं. साताऱ्याला बायकोचं माहेर: घरगुती. येताना कंदी पेढे: घरगुतीच.

"आणि नंबरप्लेट पांढरी ना? मग परवान्याशिवाय भाड्याने देताच येत नाही. चालकाविना भाड्याने देतात त्या गाड्यांना काळी प्लेट, पिवळे आकडे. गोव्यात पाहिल्या असतील."

"मग बेकायदा कमाईला कर नसेल?" मी आशेने विचारलं.

तेव्हा त्याने प्यारा सिंगची गोष्ट सांगितली. 1958 साली हे गृहस्थ 65,500 रुपयांच्या नोटा घेऊन तस्करीचं सोनं आणायला पाकिस्तानात निघाले आणि सरहद्दीवर सापडले. प्राप्तिकर खात्याने तस्करी हा त्यांचा धंदा मानून कर लावला. मग जप्त झालेल्या नोटा हा त्याच धंद्यातला तोटा, तो वजा करा, असं 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पुढे कायदाच बदलला. गुन्ह्यासाठी केलेला खर्च आता वजा होत नाही, कर राहिला.

फी त्याने घेतली नाही. घरी येऊन मी वही घातली. तिच्यात अजून एकच नोंद आहे: सीएकडे जाऊन येणे, 9 किलोमीटर, घरगुती.